पोट बोलतंय का?

ये, अशी जवळ बस. तू तिकडे बंगळुरात आहेस हे काय मला कळत नाही का, पण लिहायला बसले की मी तुला शेजारी बसवूनच घेते, त्याशिवाय माझ्या हातून अक्षर उमटत नाही. आणि आधी तुला थोडं रागवू दे. काल फोनवर पप्पांचं तोंड बघून काय म्हणालीस? "पप्पा, किती मस्त दिसताय! गाल बघा कसे आलेत. आई, तू उगाच घाबरवतेस हं." असं म्हणालीस आणि दिवाळीला येते म्हणून फोन ठेवलास. तुझे पप्पा हसले. त्यांना हसायला फार काही करावंही लागत नाही आता, गाल इतके ताणलेले असतात की तोंड आपोआप हसल्यासारखं दिसतं. फोन बंद झाल्यावर मला म्हणाले, "बघ, पोरगी खूश झाली." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

बाई गं, ते गाल तब्येतीचे नाहीत. ते गोळ्यांचे आहेत.

हे तुला फोनवर सांगायचं म्हटलं तर आपल्या घरात खोल्या दोन, इकडचं बोललेलं तिकडे जातं. म्हणून लिहिते. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांचे कागद आणि वाचनालयातली पुस्तकं वाचून झालेलं. लिहिताना चुकलं तर मनातल्या मनात दुरुस्त करून घे. पण पोटाचं मी सांगते ते नीट ऐक, कारण पोटाला कान लावून मी ही सगळी वर्षं काढली आहेत.

कान लावायची ही खोड मुळात त्यांचीच. तुला आठवत नसेल, तू कडेवर होतीस. सातपूरच्या कंपनीनं एकदा घरच्या लोकांना कारखाना बघायला बोलावलं होतं. सगळ्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून गेल्या होत्या आणि आत तेलाचा असा वास की पदर नाकाला. तुझे पप्पा मेंटेनन्सला होते. त्यांनी खिशातून तो लांब पेचकस काढला, लाकडी मुठीचा, त्याचं टोक चालू मशीनवर टेकवलं आणि मूठ माझ्या कानामागच्या हाडाला लावली. म्हणाले, "ऐक. घूं असा एकसारखा येतोय ना? ही बेअरिंग चांगली. आता इकडची ऐक. खरखर आहे ना? ही जाणार." त्यांचे साहेब मागे उभे होते, ते म्हणाले, "आता वहिनींनाच घेऊ कामावर, तुम्ही घरी बसा." मी लाजून मेले, पण ऐकू आलं होतं मला. खरंच आलं होतं.

त्यांचा एकच नियम होता आयुष्यभर. मशीन गप्प चाललं पाहिजे. आवाज आला की समजायचं, आत काहीतरी खातंय. घरातला मिक्सर, छताचा पंखा, गल्लीतल्या लोकांच्या पाण्याच्या मोटारी, सगळ्यांना पेचकस लावून झाला होता. शेजारच्या मास्तरांची स्कूटर तर ते न सांगता ऐकून यायचे आणि मास्तरांना सांगायचे, "सर, तुमची गाडी कण्हतेय." या नियमावर आमचं घर चाललं. आणि या नियमानंच आम्हाला कुठं नेऊन सोडलं ते सांगते.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती तेव्हा त्यांचा डबा भरलेला परत यायला लागला. मी पोळी उलटसुलट करून बघायची, भाजीत मीठ जास्त झालं का म्हणून चाखायची. शेवटी एक दिवस डबा त्यांच्यापुढे आपटला. म्हटलं, "बाहेर कुणाच्या हातचं गोड लागतंय तेवढं सांगा, म्हणजे मी चूल बंद करते." तर खाली मान घालून म्हणाले, "खाल्लं की पळावं लागतं गं. तिथं रांग असते. एकदा नाही झालं वेळेवर." एवढंच बोलले. मग मला त्या रोज धुतलेल्या पँटींचं कळलं. इतके दिवस मी समजत होते की कंपनीत ग्रीस लागतं म्हणून स्वतः धुतात. रक्त पडत होतं. मूळव्याध समजून बाजारातल्या एका माणसाकडून चूर्ण घेत होते, कुणाला न सांगता.

मग गंगापूर रोडचे पोटाचे डॉक्टर. तरुणच आहेत, तुझ्या बरोबरीचे असतील. दुर्बीण घालून तपासलं आणि आतलं चित्र पडद्यावर दाखवलं. मोठं आतडं आतून असं लाल, ठिकठिकाणी सोललेलं, पोरं सायकलवरून पडल्यावर गुडघा होतो तसं. रोगाचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. म्हणाले, हा रोग कुणी आणत नाही, अंगातली राखण करणारी फौजच आपल्या आतड्यावर उलटते. बरा होतो असं नाही, आवाक्यात ठेवायचा असतो. आणि गोळ्या दिल्या. स्टिरॉइडच्या.

त्या काळात त्यांचं पोट इतकं वाजायचं की चहा गाळताना मला ऐकू यायचं. एक दिवस पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले, "पेचकस आण." आणला. टोक पोटावर ठेवून मूठ कानाला लावायला बघतात, तर मान कुठवर वळणार? मलाच हसू आलं. म्हटलं, "पेचकस कशाला, माझे कान काय गहाण पडलेत?" आणि बसून सरळ कान लावला पोटाला. आमच्या पिढीत नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवायची काही पद्धत नव्हती गं. ते सिनेमातलं. माझं डोकं त्यांच्या अंगावर टेकलं ते पहिल्यांदा असं, म्हातारपणी, आणि तेही पोटावर. आत काय चाललं होतं सांगू? सकाळी नळाला पाणी यायच्या आधी पाइप कसा खोकतो, फसफस, गुडगुड, मग एकदम फर्र करून गडद गढूळ पाणी फेकतो, तसं. मध्येच एक लांबलचक पिळवटल्यासारखा आवाज यायचा आणि त्यांचा हात माझ्या डोक्यावर घट्ट व्हायचा. म्हणजे कळ.

मी पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, एवढं आजारी आतडं आणि एवढी धावपळ कशी करतं?" त्यांना आवडलं विचारलेलं. कागदावर नळी काढून म्हणाले, "मावशी, आतड्याच्या भिंतीत स्नायू असतो. हातापायाच्या स्नायूसारखा नाही, याला आपण हुकूम देऊ शकत नाही. तो आपापला मागे आवळतो, पुढे सैल होतो आणि आतलं पुढे सरकवतो."

"म्हणजे परकरात नाडी ओवतो तसं?"

"अगदी तसं. फक्त इथं ओवणारा हात नाही, परकरच आपला आपण गोळा होतो आणि सुटतो."

पुढे म्हणाले, आतड्याला सूज आली की त्या स्नायूचं तंत्र बिघडतं. लहान लहान आवळण्या असतात, ज्या अन्न थोपवून धरतात, त्यातलं पाणी शोषायला वेळ देतात, त्या ढिल्या पडतात. आणि मधूनच एक मोठी आवळणी उठते, ती सगळं एका दमात ढकलून देते. म्हणून जुलाब, म्हणून कळ. जोर वाढलेला वाटतो, पण धरून ठेवायची ताकद गेलेली असते. स्टिरॉइड सूज उतरवतं, मग स्नायूला त्याचं काम पुन्हा आठवतं. "पण," म्हणाले, "या गोळ्यांवर माणसाला कायम ठेवता येत नाही. पायरी पायरीनं खाली आणायच्या. एकदम बंद केल्या तरी घात."

पहिल्यांदा त्या गोळ्यांनी काय केलं म्हणतेस! आठवड्याभरात रक्त थांबलं. पळापळ थांबली. मी कान लावायची तर आत थेंब थेंब पाणी ठिबकल्यासारखं, मधेच एक छोटी गुडगुड, परत शांत. एका रविवारी ते स्वतः उठून मिसळ खायला गेले. तर्री वेगळ्या वाटीत ठेवून नुसती बघितली म्हणाले. मला विश्वास नाही, मिशीला लाल लागलं होतं. आणि कॉलर ताठ करून म्हणाले, "बेअरिंग जागेवर बसली."

मग गोळी कमी झाली. आणि ठरावीक पायरीवर आलो की परत रक्त. परत गोळ्या वाढवल्या, परत बरं. परत कमी, परत रक्त. असं किती वेळा झालं ते मी मोजत नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या देऊन पाहिल्या, त्यांनी रक्तातल्या पेशी उतरल्या, बंद केल्या. मोठी इंजेक्शनं असतात म्हणाले, त्यासाठी छातीचा फोटो काढला, तर तरुणपणीच्या टीबीचा डाग तिथे बसलेला. ती इंजेक्शनं दिली तर तो जागा होईल. म्हणजे मग राहिल्या त्याच गोळ्या.

आणि त्याच गोळ्यांनी हा चेहरा दिला. आधी हनुवटी गेली, मग डोळे बारीक झाले, मग गाल चंद्रासारखे. काही दिवस तर अंगात असा जोर यायचा की बसवत नसे. मिक्सर खोलला, चांगला चालणारा मिक्सर. पंखा उतरवला. कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल. मी चमचा ठेवला तरी ओरडायचे, "आवाज कशाला करतेस?" जो माणूस मला उभ्या जन्मात अगं-तुगंच्या पुढे शब्द बोलला नाही तो माणूस! नंतर स्वतःच येऊन ओट्याशी उभे राहायचे, लसूण सोलायला घ्यायचे. ती त्यांची माफी.

गावाला लग्नाला गेलो तेव्हाचं तर सांगायलाच हवं. तुझे थोरले काका मांडवातच ओरडले, "आरं तिच्या! काय रे, रिटायर झाला का सासरी जेवायला बसला? लय सुटलास गड्या!"

पप्पा म्हणाले, "दादा, कंपनीतला डबा बंद झाला. आता डॉक्टरकडचा चालू आहे."

"मंग मलाबी त्याच डाक्तरकडं ने. मी पाक वाळून चाललोय."

सगळा मांडव हसला. बायका मला विचारतात, "वैनी, काय चारता हो भाऊंना? नजर लागंल अशानं." मी म्हटलं, "गोळ्या चारते." त्याही हसल्या. पण पंगत उठली तेव्हा तुझ्या पप्पांना जमिनीवरून उठता येईना. मांड्यांतलं मांस गेलेलं, नुसती पायजम्याची नळी. दोघांनी बगलेत हात घालून उभं केलं, तर जिथं धरलं तिथं दंडावर जांभळे डाग उमटले, कातडी अशी कागदासारखी झालेली. ते कुणी पाहिलं नाही. वर गाल होते ना. गाल बघून लोक जेवणाची चव विचारत राहिले. कालची तू त्यातलीच एक, आणि तुला तरी काय दोष द्यायचा, फोनमध्ये मांड्या कुठं दिसतात.

आता ती संक्रांत.

त्याच्या आधी पुन्हा जोराचं दुखणं उठलं होतं. गोळ्या वाढवल्या होत्या. थंडी अशी की हातात पाणी घेववत नव्हतं. एका सकाळी मी रोजच्यासारखा कान लावला. काही नाही. दुसरीकडे लावला, बेंबीच्या डाव्या अंगाला, जिथं सगळ्यात जास्त गडबड असायची. तिथंही काही नाही. मी म्हटलं, "अहो, आज गप्प आहे."

"अजिबात नाही?"

"अजिबात."

तुझे पप्पा उठून बसले. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. "गप्प चाललंय," म्हणाले, "जमलं गं. या खेपेला जमलं." आदल्या दिवसापासून संडासलाही गेले नव्हते. ज्या माणसाचे दिवस त्या दाराशी गेले तो माणूस एक अख्खा दिवस तिकडे फिरकला नाही, याहून मोठी बातमी आमच्या घरात कुठली? तुला फोन केला तर तू म्हणालीस, "वा! पप्पा, पेढे." माझ्याकडे हळदीकुंकू होतं त्या दिवशी. ते बाहेर उन्हाला खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होते, "या, या, आज कारखाना सुरळीत." बायकांना काही कळलं नाही, त्यांनी तिळगूळ दिला आणि आत आल्या.

पोट फुगलं होतं. स्वेटरच्या आत ते दिसत होतं, मी टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजलं. विचारलं, "दुखतंय का?" म्हणाले, "छे. जड वाटतंय थोडं. गॅस असेल." बेंबीभोवती कोमट तेलात हिंग कालवून लावला. तुला लहानपणी लावायचे तसाच. दुखत नाही म्हटल्यावर घाबरायचं कशाला? दुखणं आलं की कळतंच की माणसाला, असंच आम्ही धरून चाललो होतो.

दुसऱ्या सकाळी ओठ कोरडे, नाडी धावतेय, आणि मला म्हणतात, "मेन स्विच बंद कर, लाइनवर माणूस आहे." मी रिक्षा बोलावली.

त्या तरुण डॉक्टरांना मी इतका वेळ ऐकताना कधी पाहिलं नव्हतं. नळी पोटावर एका जागी ठेवली, थांबले. दुसऱ्या जागी ठेवली, थांबले. मदतनीस बाई काहीतरी विचारायला आली तर हातानंच तिला गप्प केलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मावशी, आवाज कधीपासून बंद आहे?"

मी म्हटलं, "कालपासून. गोळ्या लागू पडल्या."

त्यांनी कानातल्या नळ्या काढल्या. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. सावकाश सांगितलं, माझ्या ओवलेल्या नाडीच्या भाषेत सांगितलं, म्हणजे मला सुटका उरू नये. म्हणाले, आतड्याचं गप्प बसणं म्हणजे बरं होणं नव्हे. निरोगी पोट बोलत असतं, हळू का होईना. इथं सूज भिंतीच्या पार आत, स्नायूपर्यंत गेली. स्नायू आवळेनासा झाला. परकर गोळाही होत नाही, सुटतही नाही, नुसता लोंबतोय. आणि आतडं वाऱ्यानं फुगत चाललंय. एरवी माणूस वेदनेनं लोळला असता, ताप आला असता. पण गोळ्यांनी ते सगळं झाकून ठेवलं. सूज जाणवू द्यायची नाही हेच तर त्यांचं काम.

टेबलावर पडलेले तुझे पप्पा हे सगळं ऐकत होते. डोळे मिटूनच म्हणाले, "म्हणजे डॉक्टर, मोटारच बंद पडली आणि आम्ही म्हटलं, आवाज कमी झाला."

डॉक्टरांनी त्यांचा सदरा खाली ओढला.

पुढचं तुला मी 'गॅस झालाय, दोन दिवस दवाखान्यात ठेवलंय' एवढंच सांगितलं होतं. त्यांनीच तसं सांगायला लावलं. तुझी नवी नोकरी होती. खरं असं होतं की नाकातून नळी घालून पोटातला वारा काढत होते. तोंडानं पाण्याचा थेंब नाही. औषध शिरेतून. सर्जन आले, म्हणाले, मोठं आतडं काढून टाकावं लागेल, पोटावर भोक ठेवून पिशवी लावू. तुझ्या पप्पांनी पिशवीला मान हलवली, लोकांना वाटतं तसं ते पिशवीला घाबरले नाहीत. म्हणाले, "बायपास लाइन. लावा." पण भूल देणारे डॉक्टर आले आणि छाती तपासून जुना फोटो मागवून बघितला. एक फुप्फुस जुन्या टीबीनं आधीच निम्मं गेलेलं. शिवाय इतकी वर्षं गोळ्या, टाके धरणार नाहीत, जखम भरून यायची नाही. टेबलावरून उठतील असं सांगता येत नाही, म्हणाले. आणि नाही केलं तर आतडं कधी फुटेल तेही सांगता येत नाही. मी कोणाकडे बघायचं? दोन्हीकडे मरणच लिहिलेलं.

तेवढ्यात, बहुधा तिसऱ्या दिवशी, पोट बोललं. मी कानानं ऐकलं सगळ्यांच्या आधी, पण सांगायची हिंमत झाली नाही. मग डॉक्टरांनी ऐकलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. एकच बारीक गुडगुड. एवढ्याशा आवाजासाठी मी त्या दवाखान्याच्या भिंतीला डोकं टेकून रडले, ज्या आवाजाला आम्ही वर्षानुवर्षं शिव्या घातल्या होत्या.

ऑपरेशन राहिलं. घरी आणलं. तुला आम्ही फोनवर दिसलो, तू म्हणालीस, "थोडे बारीक झालात, पण फ्रेश दिसताय."

निघायच्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं होतं. म्हणाले, "मावशी, तुम्हाला खोटं सांगून मी काय करू?" आतड्याची भिंत आता ताठ पाइपासारखी झाली आहे. घड्या गेल्या, वळणं गेली. आधी गोळी दिली की सूज उतरून स्नायू कामाला लागायचा. आता गोळी देऊनही तो पूर्वीसारखा वळत नाही, त्याचं आवळणं दर खेपेला कमी येतं. गोळ्या बंद करता येत नाहीत, अंग त्यांच्यावरच उभं आहे. वाढवून उपयोग नाही. हे पुन्हा थांबेल. तेव्हा दवाखान्यात आणायचं की घरीच ठेवायचं ते आधी बोलून ठेवा.

ते बोलून झालं आहे. मी विषय काढण्याआधी त्यांनीच काढला, लसूण सोलता सोलता. "पुढच्या वेळी मला नेऊ नकोस," म्हणाले. "नाकात नळी नको. इथंच ठेव." मी म्हटलं, "बरं." एवढं मोठं बोलणं दोन ओळींत संपलं, आणि लसूणही तेवढाच झाला, चार पाकळ्या. त्यांच्या बोटांत आता ताकद नाही.

आता अक्षय तृतीया, आपली आखाजी, होऊन गेली. आमरस मागितला, दोन चमचे दिला. मऊ भात, डाळीचं पाणी, ताक, असं चाललंय. अवजारांची पेटी त्यांनी कंपनीतल्या जुन्या जोडीदाराला देऊन टाकली, फक्त तो लांब पेचकस ठेवलाय, मला बोलवायचं असलं की त्यानं पलंगाच्या कडेवर टकटक करतात. रोज सकाळी माझा चहा झाला की सदरा वर करतात. मी दूधवाल्याला खुणेनं गप्प करते, वरच्या मजल्याची मोटार चालू असेल तर बंद व्हायची वाट बघते, आणि कान ठेवते. त्यांचा हात माझ्या केसांवर असतो, हलका, कळ आता येतच नाही. हिंगाचा वास येतो. ते विचारतात, "बोलतंय का?"

मी म्हणते, "बोलतंय."

तुला खरं सांगू? कधी येतो आवाज. खोल, आडात कुणी खडा टाकल्यासारखा. मग पुष्कळ वेळ काही नाही. कधी मला वाटतं की आला, तर ते माझ्याच कानातलं रक्त असतं, ठक ठक. आणि आता आता तर असं झालंय की मला ठरवताच येत नाही, पोट गप्प आहे की मीच बहिरी होत चालले आहे. वय माझंही झालंच ना. कुकरची शिट्टी मला परवा ऐकू आली नाही. तरी विचारलं की मी 'बोलतंय' म्हणते. ते 'हं' म्हणतात आणि सदरा खाली करतात. पूर्वी कसा आवाज आहे, कुठल्या बाजूला आहे, सगळं विचारायचे. आता पुढचं काही विचारत नाहीत.

म्हणून म्हणते, गाल बघू नकोस. त्यांना पुन्हा 'छान दिसता' म्हणू नकोस, त्यांना ते तुझ्यासाठी खरं करून दाखवावं लागतं आणि मग दिवसभर थकून पडतात. काल तू दिवाळी म्हणालीस तेव्हा त्यांनी मान डोलावली. मग मला विचारलं, "दिवाळी यंदा लवकर आहे का गं?" मी म्हटलं, "बघायला पाहिजे." कॅलेंडर समोरच्या भिंतीवर आहे, दोघांपैकी कुणीच बघितलं नाही.

सुट्टी मिळत नाही वगैरे मला सांगू नकोस. येताना मिठाई नको, फळं नको, काही नको. दोन दिवस ये. तुझे कान अजून तरुण आहेत. सकाळी माझ्या जागी तू बस, कान लाव, आणि जे ऐकू येईल ते मला स्वयंपाकघरात येऊन सांग, त्यांना नको. ये गं बाई. या आठवड्यात जमलं तर या आठवड्यातच ये.